इंग्रजी गौणवाक्यात ‘हॅड’ कधी लागतो, कधी नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. ‘आफ्टर आय हॅड फिनिश्ड द वर्क, आय वेन्ट होम’ या वाक्यातला ‘हॅड’ एका शिक्षकांनी सक्तीचा सांगितला आणि दुसऱ्यांनी काट मारून काढून टाकला. बरोबर कोण? त्याला जोडूनच दुसरी शंका: ऑफिसच्या मेलमध्ये ‘आय हॅड सेन्ट द रिपोर्ट यस्टर्डे’ लिहिलं की साहेब दर वेळी ‘हॅड’ खोडतात. रिपोर्ट कालच पाठवून झाला होता, मग चूक काय?

आधी उत्तरं देऊन टाकतो. पहिल्या वाक्यात ‘हॅड’ असला तरी चालतो, नसला तरी चालतो. त्यामुळे सक्ती करणारे चुकले आणि काट मारणारेही चुकले. दुसऱ्या वाक्यात तो बहुतेक वेळा चुकीचाच आहे, साहेबांचं बरोबर आहे. आता कारणं.

शाळेत आपण सगळ्यांनी एक नियम पाठ केला: भूतकाळात दोन क्रिया घडल्या असतील तर आधी घडली तिला पास्ट परफेक्ट (म्हणजे ‘हॅड’ आणि क्रियापदाचं तिसरं रूप), नंतरचीला सिंपल पास्ट (साधा भूतकाळ). नियम सोपा आहे, पेपरात गुणही मिळवून देतो, पण तो अर्धाच खरा आहे. ‘ही गॉट अप, वॉश्ड हिज फेस, ड्रँक सम वॉटर अँड वेन्ट आउट’ हे वाक्य बघा. चार क्रिया, चारही भूतकाळातल्या, एकामागून एक घडलेल्या. नियमाप्रमाणे पहिल्या तिन्हींना ‘हॅड’ लावला तर वाक्य हास्यास्पद होईल. ज्या क्रमाने घडलं त्याच क्रमाने सांगितलं असेल तर क्रम आपोआप कळतो, ‘हॅड’ला तिथे कामच उरत नाही.

मग त्याचं काम काय? हान्स रायखेनबाख या तत्त्वज्ञाने 1947 साली काळांची जी मांडणी केली, ती इथे फार उपयोगी पडते. तो म्हणतो, प्रत्येक काळात तीन बिंदू धरा: घटना घडली तो क्षण, आपण बोलतोय तो क्षण, आणि जिथे उभं राहून आपण घटनेकडे बघतो तो क्षण. सिंपल पास्टमध्ये बघण्याचा क्षण घटनेपाशीच असतो. पास्ट परफेक्टमध्ये आपण भूतकाळातच, पण घटनेच्या पुढे कुठेतरी उभे असतो आणि तिथून मागे वळून बघतो. म्हणजे ‘हॅड’ टांगायला भूतकाळात एक खुंटी लागते. ‘व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट’ यात स्टेशनवर पोचण्याचा क्षण ही खुंटी. गाडी त्याआधी सुटली. खुंटी नसेल तर ‘हॅड’ लोंबकळत राहतो, आणि वाचणारा मनातल्या मनात विचारतो, ‘आधी म्हणजे कशाच्या आधी?’

ही खुंटी बहुधा मिश्र वाक्यातल्या दुसऱ्या उपवाक्याकडून मिळते. म्हणूनच ‘हॅड’ आणि गौणवाक्य यांची इतकी गट्टी. साहेब खोडतात ते याचसाठी: ‘आय हॅड सेन्ट द रिपोर्ट यस्टर्डे’ या सुट्या वाक्यात ‘यस्टर्डे’ ही पाठवण्याचीच वेळ आहे, त्याच्या पुढची एखादी भूतकाळातली वेळ नाही. ‘व्हेन यू कॉल्ड मी, आय हॅड ऑलरेडी सेन्ट द रिपोर्ट’ असं लिहा, तेच साहेब हात लावणार नाहीत.

मग आपल्याला तो ‘हॅड’ इतका स्वाभाविक का वाटतो? कारण मराठी. आपण सहज म्हणतो, ‘मी काल रिपोर्ट पाठवला होता’, ‘मी परवा आलो होतो, तुम्ही नव्हता’, ‘लहानपणी एकदा पडलो होतो’. मराठीचा पूर्ण भूतकाळ स्वतंत्र वाक्यात मजेत राहतो, त्याला दुसरी क्रिया लागत नाही. गोष्ट होऊन गेली, आता ती मागे पडली, एवढं त्याला पुरतं. इंग्रजीत त्याच जागी साधं ‘आय सेन्ट’, ‘आय केम’, ‘आय फेल’ लागतं. एवढी चूक बहुतेकांना कोणीतरी कधीतरी दाखवलेली असते.

याची उलटी बाजू मात्र कोणी दाखवत नाही, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. इंग्रजीत जिथे ‘हॅड’ खरोखर हवा असतो त्या गौणवाक्यांत मराठी बहुधा ‘होता’ वापरत नाही. तिथे आपण धातुसाधितं वापरतो. ‘काम संपल्यावर’, ‘पत्र वाचून’, ‘तू दिलेलं पेन’. झालेपण त्या ‘-ल्यावर’मध्ये, ‘-ऊन’मध्ये, ‘-लेलं’मध्ये आधीच मुरलेलं असतं. त्यामुळे इंग्रजी लिहिताना मनात ‘होता’ वाजत नाही आणि ‘हॅड’ राहून जातो. थोडक्यात, मराठी माणूस मुख्य वाक्यात नको तिथे ‘हॅड’ घालतो आणि गौणवाक्यात हवा तिथे गाळतो. तपासायला आलेल्या मजकुरात मला हे इतकं नियमित दिसतं, की लिहिणाऱ्याची मातृभाषा सांगावी.

एक नमुना देतो. असे मेल रोज लिहिले जातात:

‘आय हॅड गॉन टू द क्लायंट्स ऑफिस ऑन मंडे. आय हॅड मेट द मॅनेजर. ही टोल्ड मी दॅट दे हॅव नॉट रिसीव्ह्ड द फाइल वुई सेन्ट ऑन फ्रायडे. आय हॅड चेक्ड माय मेल अँड फाउंड दॅट आय सेन्ट इट टू द राँग अ‍ॅड्रेस.’

यात तीन ‘हॅड’ आहेत आणि तिन्ही मुख्य वाक्यांत. सोमवारी गेलो, भेटलो, मेल तपासला, या ओळीने घडलेल्या गोष्टी; तिन्ही ‘हॅड’ जाऊ द्या. आता गौणवाक्यं बघा. मॅनेजर बोलला तेव्हा फाइल मिळालेली नव्हती: इथे ‘हॅव’चं ‘हॅड’ हवं. मेल तपासला तेव्हा आढळलं, की पाठवताना पत्ताच चुकला होता: पाठवणं आढळण्याच्या आधीचं, इथेही ‘हॅड’ हवा. दुरुस्त मजकूर असा:

‘आय वेन्ट टू द क्लायंट्स ऑफिस ऑन मंडे अँड मेट द मॅनेजर. ही टोल्ड मी दॅट दे हॅड नॉट रिसीव्ह्ड द फाइल वुई सेन्ट ऑन फ्रायडे. आय चेक्ड माय मेल अँड फाउंड दॅट आय हॅड सेन्ट इट टू द राँग अ‍ॅड्रेस.’

दोन ‘हॅड’ उरले, दोन्ही गौणवाक्यांत. मधलं ‘वुई सेन्ट ऑन फ्रायडे’ मी तसंच ठेवलं, कारण शुक्रवार सोमवारच्या आधीचा हे कोणाला सांगावं लागत नाही. तिथे ‘हॅड सेन्ट’ लिहिलं तरी चूक नाही, फक्त वाक्य थोडं जड होतं.

आता एकेक उभयान्वयी अव्यय घेऊ. सगळ्यांना सारखीच जागा देणार नाही, कारण काही फार सोपी आहेत.

‘आफ्टर’ आणि ‘अ‍ॅज सून अ‍ॅज’ सोपी. क्रम शब्दातच आहे, त्यामुळे ‘आफ्टर ही लेफ्ट, आय लॉक्ड द डोअर’ निर्दोष आहे. ‘आफ्टर ही हॅड लेफ्ट’ म्हटलं तर जाणं पूर्ण झालं, मग मी कुलूप लावलं, असा किंचित जोर येतो. बोलण्यातल्या अमेरिकन इंग्रजीत साधा भूतकाळच जास्त ऐकू येतो. दोघा शिक्षकांचं भांडण इथेच मिटतं.

‘बिफोर’ मात्र गमतीदार आहे. त्यातलं प्रसिद्ध वाक्य म्हणजे ‘द पेशंट हॅड डाइड बिफोर द डॉक्टर केम’. या बिचाऱ्या रुग्णाला आपण पिढ्यान्‌पिढ्या मारत आलो, आणि तेही अशा वाक्यात जिथे ‘हॅड’ची गरजच नाही. ‘द पेशंट डाइड बिफोर द डॉक्टर केम’ हे पूर्ण शुद्ध इंग्रजी आहे. आधी-नंतर ‘बिफोर’ने सांगून टाकलंय. आता हे बघा: ‘ही लेफ्ट बिफोर आय हॅड फिनिश्ड माय सेन्टेन्स.’ आधी काय घडलं? तो गेला. ‘हॅड’ कुठे आहे? नंतरच्या क्रियेला! शाळेचा नियम इथे सपशेल आडवा होतो. कारण क्रम दाखवायची जबाबदारी ‘बिफोर’ने उचलली, आणि मोकळा झालेला ‘हॅड’ पूर्णत्व दाखवायला आला. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तो निघून गेला. पुरं झालंच नाही. ‘शी पुट द फोन डाउन बिफोर आय हॅड सेड अ वर्ड’ हेही तसंच. विद्यार्थी या वाक्यावर हटकून काट मारतात, आणि ते वाक्य अस्सल इंग्रजी असतं.

‘बिफोर’च्या मुख्य वाक्यात ‘हॅड’ शोभतो तो बहुधा काहीतरी साचत आलं असेल तेव्हा: ‘वुई हॅड वेटेड टू अवर्स बिफोर द डोअर ओपन्ड.’ दोन तास साचले, मग दार उघडलं.

‘अन्टिल’ आणि ‘वन्स’ यांचं गणित याच्याच जवळचं. ‘शी डिड नॉट साइन अन्टिल शी हॅड रेड एव्हरी पेज.’ प्रत्येक पान वाचून संपल्याशिवाय सही नाही. ‘शी रेड’ चाललं असतं, पण ‘संपल्याशिवाय’ यातला हट्ट गेला असता.

सगळ्यांत जास्त वेळ द्यावा तो ‘व्हेन’ला, कारण हा शब्द स्वतः क्रमच सांगत नाही. ‘व्हेन आय अराइव्ह्ड, दे लेफ्ट’ म्हणजे मी आलो आणि ते उठून गेले, कदाचित मला बघूनच. ‘व्हेन आय अराइव्ह्ड, दे हॅड लेफ्ट’ म्हणजे मी आलो तेव्हा तिथे कोणी नव्हतं. एका शब्दाने माणसांचे संबंध बदलतात! ‘आफ्टर’मध्ये ‘हॅड’ ऐच्छिक आणि ‘व्हेन’च्या अशा वाक्यात सक्तीचा, हा फरक एकदा पक्का बसला की अर्धं काम झालं.

आता ‘हॅड’ ‘व्हेन’च्या आतल्या उपवाक्यात आला तर? ‘व्हेन शी रेड द लेटर, शी बर्स्ट इन्टू टिअर्स.’ पत्र वाचलं आणि रडू फुटलं; एक गोष्ट दुसरीला जागेवर जन्म देते. ‘व्हेन शी हॅड रेड द लेटर, शी फोल्डेड इट अँड सॅट डाउन.’ पत्र वाचून झालं, ते काम संपलं, मग दुसरं काम. पहिल्या वाक्यात ‘हॅड’ घातला तर रडू थंड होतं, पत्र संपवून मग ठरवून रडल्यासारखं. तत्काळ प्रतिक्रिया असेल तर साधा भूतकाळ. दोन स्वतंत्र, पाठोपाठची कामं असतील तर ‘हॅड’. मराठीत आपण हाच भेद ‘वाचताच’ आणि ‘वाचून झाल्यावर’ असा करतो. इंग्रजी लिहिताना कोणतं लावायचं हे कळेना, तर आधी मराठीत हे दोन्ही लावून बघा. या एका ठिकाणी मराठी खरोखर मदतीला येते.

‘बाय द टाइम’मध्ये गडबड होते ती ‘हॅड’च्या जागेची. तो मुख्य वाक्यात जातो: ‘बाय द टाइम द फायर इंजिन्स केम, द रूफ हॅड फॉलन.’ ‘बाय द टाइम’च्या मागचं क्रियापद साधंच. मुख्य क्रियापद स्थिती दाखवणारं असेल तर तिथेही ‘हॅड’ लागत नाही: ‘बाय द टाइम ही वॉज टेन, ही न्यू थ्री लँग्वेजेस.’

‘हार्डली’, ‘स्केअर्सली’ आणि ‘नो सूनर’ यांतही ‘हॅड’ मुख्य वाक्यात, तोही कर्त्याच्या पुढे उडी मारून: ‘नो सूनर हॅड द बेल रंग दॅन द चिल्ड्रन रॅन आउट.’ ‘नो सूनर’ला ‘दॅन’, बाकी दोघांना ‘व्हेन’. परीक्षेचं लाडकं वाक्य. रोजच्या लिखाणात ‘अ‍ॅज सून अ‍ॅज’ बरं.

कारण सांगणाऱ्या ‘बिकॉज’मध्ये मराठी माणूस सहसा चुकत नाही, कारण ‘झोप झाली नव्हती म्हणून दमली होती’ यात मराठीनेच ‘होती’ ठेवलंय: ‘शी वॉज टायर्ड बिकॉज शी हॅड नॉट स्लेप्ट.’ फक्त कारण आणि परिणाम एकाच वेळी चालू असतील तर ‘हॅड’ नको. ‘द रोड वॉज वेट बिकॉज इट वॉज रेनिंग’ म्हणजे पाऊस पडतच होता. ‘बिकॉज इट हॅड बीन रेनिंग’ म्हणजे पडून गेला होता, किंवा बराच वेळ चालू होता.

‘हू’, ‘व्हिच’, ‘दॅट’ची गौणवाक्यं म्हणजे आपल्या ‘-लेलं’ची जागा. ‘तू दिलेलं पेन मी हरवलं’ याचं ‘आय लॉस्ट द पेन यू गेव्ह मी’ होतं आणि ते चालतं, कारण देणं हरवण्याआधीचंच असणार. पण ‘आय मेट अ मॅन हू वर्क्ड विथ माय फादर’ लिहिलं तर तो तेव्हा वडिलांबरोबर काम करत होता की पूर्वी कधी केलं होतं? ‘हू हॅड वर्क्ड’ म्हटलं की दुसरा अर्थ नक्की होतो. संदिग्धता असेल तर ‘हॅड’, नसेल तर सोडा.

‘दॅट’ची नामवाक्यं, म्हणजे ‘सेड’, ‘न्यू’, ‘रिअलाइज्ड’, ‘फाउंड’, ‘रिमेम्बर्ड’ यांच्यामागची, हे ‘हॅड’चं खरं घर. मराठीत आपण बोलणाऱ्याचा काळ जसाच्या तसा ठेवतो: ‘तो म्हणाला की मी फाइल पाहिली आहे.’ तेच मनात धरून ‘ही सेड दॅट ही हॅज सीन द फाइल’ लिहिलं जातं. मुख्य क्रियापद भूतकाळात असेल तर इंग्रजीत आतलं सहसा एक पायरी मागे सरकतं: ‘ही सेड दॅट ही हॅड सीन द फाइल.’ बोललेली गोष्ट अजून जशीच्या तशी लागू असेल तर इंग्रज लोक ‘हॅज’ही ठेवतात, पण झालेल्या घटनांची हकिगत लिहिताना ‘हॅड’ सुरक्षित. स्थितीच्या क्रियापदांत तर अर्थच पालटतो. ‘ही सेड दॅट ही वॉज इल’: म्हणाला तेव्हा आजारी होता. ‘ही सेड दॅट ही हॅड बीन इल’: आजारी पडून गेला होता. रजेच्या अर्जाची हकिगत सांगताना हा फरक महागात पडू शकतो. ‘आय रिअलाइज्ड दॅट आय हॅड लेफ्ट द कीज इनसाइड’ यातही ‘हॅड’ गाळू नये, निदान लिखाणात.

साल किंवा तारीख स्पष्ट असेल तर मात्र ही पायरी बिनधास्त वगळा. ‘द टीचर टोल्ड अस दॅट द सेकंड वर्ल्ड वॉर एन्डेड इन 1945.’ ‘हॅड एन्डेड’ लिहून काही कमावत नाही.

एक जागा अगदी हमखास चुकणारी: ‘इट वॉज द फर्स्ट टाइम’. मराठीत ‘समुद्र मी पहिल्यांदाच पाहत होतो’ असा अपूर्ण भूतकाळ येतो, म्हणून ‘आय वॉज सीइंग द सी’ लिहिलं जातं. इंग्रजीत ‘इट वॉज द फर्स्ट टाइम आय हॅड सीन द सी.’ त्या क्षणापर्यंतचा हिशोब मांडला जातो, म्हणून ‘हॅड’.

राहिला ‘इफ’. हा ‘हॅड’ वेगळ्या जातीचा आहे. खुंटी शोधत बसू नका. ‘इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव टोल्ड यू.’ मला कळलं नव्हतं, हे इथला ‘हॅड’ सांगतो. तो काळात मागे जाण्यापेक्षा वस्तुस्थितीपासून दूर गेलाय. चूक होते ती ‘इफ आय वुड हॅव नोन’ अशी, आणि तिचं मूळ पुन्हा आपल्याकडे: ‘कळलं असतं तर सांगितलं असतं.’ दोन्हीकडे ‘असतं’, म्हणून दोन्हीकडे ‘वुड हॅव’. इंग्रजीत ‘इफ’च्या बाजूला ‘हॅड’, दुसऱ्या बाजूला ‘वुड हॅव’. लिखाणात यात तडजोड नाही. ‘इफ’ गाळून ‘हॅड आय नोन’ असंही लिहितात, ते जरा औपचारिक. ‘आय विश आय हॅड लिसन्ड टू हर’ आणि ‘ही टॉक्ड अ‍ॅज इफ ही हॅड सीन इट ऑल’ ही याच घराण्यातली. ‘विश’ वर्तमानकाळात असूनही मागे ‘हॅड’ येतो, त्यावरूनच कळावं की हा कारभार निराळा आहे.

लांब मजकुरात पूर्वीची हकिगत सांगायची असेल, तर प्रत्येक क्रियापदाला ‘हॅड’ लावत जाऊ नये. पहिल्या एक-दोन वाक्यांत ‘हॅड’ देऊन वाचकाला मागे न्यायचं, मग साध्या भूतकाळात मोकळेपणाने सांगायचं, आणि परत येताना ‘नाऊ’ किंवा ‘दॅट इव्हनिंग’सारखा शब्द टाकायचा. पानभर ‘हॅड’ असलेला उतारा व्याकरणात पास होतो, पण वाचवत नाही.

आणि ‘ही’ड’, ‘शी’ड’ अशी आखूड रूपं दिसली तर पुढचं क्रियापद बघा. तिसरं रूप असेल, जसं ‘गॉन’, तर तो ‘हॅड’. पहिलं असेल, जसं ‘गो’, तर ‘वुड’. ‘कम’, ‘पुट’, ‘कट’ यांची पहिली-तिसरी रूपं सारखीच, तिथे आजूबाजूच्या वाक्यांवरूनच ठरवावं लागतं. ‘हॅड हॅड’ एकापुढे एक आले तरी घाबरून एक खोडू नका: ‘आफ्टर शी हॅड हॅड अ रेस्ट’ बरोबर आहे. पहिला सहायक, दुसरा मुख्य क्रियापद. ‘हॅड वेन्ट’ मात्र कधीच नाही.